जर्मन की जपानी? (मुक्काम बडोदा, काम पीएलसीचं)

सुरसागरकाठी
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, आज पहिलाच धागा काढतोय, सांभाळून घ्या.

वय ३१. जन्म, शाळा, कॉलेज सगळं बडोद्यातच. एम. एस. युनिव्हर्सिटीची इलेक्ट्रिकलची डिग्री. मकरपुरा जीआयडीसीत एका पॅनेल बनवणाऱ्या कंपनीत आहे. पीएलसी (कारखान्यातली यंत्रं चालवणारा कंट्रोलर) प्रोग्रॅमिंग आणि साइटवर कमिशनिंग, म्हणजे यंत्र जागेवर चालू करून देणं. बहुतेक काम सीमेन्सवर, थोडं मित्सुबिशीवर. पत्नी नोकरी करते. मूलबाळ अजून नाही. बाहेर जायचं हे नक्की, कुठे ते ठरत नाहीये.

घरात दोन पार्ट्या आहेत. बाबा जपानवाले. बुलेट ट्रेन बडोद्यावरून जाणार, हाय स्पीड रेल्वेचं ट्रेनिंग सेंटर आपल्याच गावात झालं, तेव्हा जपानी येणाऱ्याला मरण नाही असं त्यांचं म्हणणं. मित्रमंडळी जर्मनीवाली. व्हिसा सोपा, भाषा नसली तरी भागतं म्हणे.

माझा प्रश्न साधा आहे. भाषा कोणती, आणि ती नोकरी शोधण्याआधी शिकायची की मिळाल्यावर? इथले काही क्लासवाले 'बी१ तीन महिन्यांत' अशा पाट्या लावून बसलेत (बी१ म्हणजे ए१, ए२ नंतरची भाषेची तिसरी पायरी, त्यावर बी२), त्यांच्यावर कितपत विश्वास ठेवायचा?

पंड्यापुलाखाली
रुमाल टाकून ठेवतोय. माझाही हाच घोळ चालू आहे.

इंदूरी_जिरावण
बर्लिनमध्ये बॅकएंड करतो. मूळ राजेंद्रनगर, इंदूर. एक शब्द जर्मन न येता नोकरी मिळाली, टीममध्ये निम्मे लोक जर्मन नाहीत, मीटिंगा, कोड, डॉक्युमेंट सगळं इंग्रजी. ब्लू कार्डाला, म्हणजे डिग्रीवाल्यांच्या कामाच्या परवान्याला, भाषेची अट नाही. डिग्री मान्य असली आणि पगार ठरलेल्या मर्यादेच्या वर असला की झालं. आयटी आणि इंजिनियरिंग हे तुटवड्याचे व्यवसाय धरतात म्हणून त्यांची मर्यादा कमी असते, २०२५ साली ती वर्षाला ४३,७५९.८० युरो होती, ग्रॉस. दरवर्षी जानेवारीत बदलते. उगाच दोन वर्षं डेर-डी-डास करत बसू नका. अर्ज टाका.

श्वाबी_बडोदेकर
जिरावण, तुमचं तुमच्यापुरतं बरोबर आहे. पण धागाकर्ते बॅकएंड करत नाहीत, यंत्रापाशी उभे राहतात. तिथे गोष्ट वेगळी होते.

मी स्टुटगार्टच्या बाजूला एका मशीन बनवणाऱ्या कंपनीत आहे. मूळ दांडिया बाजार. आमच्याकडे शंभरेक माणसं, मालक तिसऱ्या पिढीचा, गिऱ्हाईक आसपासचे कारखाने. अशा मध्यम कंपन्या या भागात गल्लोगल्ली आहेत आणि ऑटोमेशनची खरी कामं त्यांच्याचकडे आहेत. त्यांच्या जाहिराती जर्मनमध्ये असतात, एचआरची बाई जर्मनमध्ये फोन करते आणि फिटर श्वाबियन बोली बोलतो, जे जर्मनलाही धड कळत नाही.

आता कामातलं सांगतो, म्हणजे तुम्हाला लगेच कळेल. तुम्ही सीमेन्सच्या स्टेप-७ सॉफ्टवेअरवर इनपुटला आय आणि आउटपुटला क्यू लिहीत असणार. इथल्या जुन्या मशीनचा प्रोग्रॅम उघडा, इनपुट 'ई' आणि आउटपुट 'ए' दिसेल, कारण आइनगांग आणि आउसगांग. आता गंमत बघा. इंग्रजी निमॉनिकमध्ये (आज्ञांच्या लघुरूपांत) 'ए' म्हणजे अँड ही आज्ञा. जर्मनमध्ये अँडला 'यू', उंड चं. सेटिंगमध्ये एक टिक मारून सगळं इंग्रजीत पलटतं, त्याची काळजी नाही. पण पंधरा वर्षांपूर्वी कुणी तरी लिहून ठेवलेल्या कॉमेंट पलटत नाहीत. 'दार बंद असेल तरच, नाहीतर मागचं स्टेशन चालू राहतं' अशी ओळ कॉमेंटमध्ये असते आणि ती ज्याला वाचता येत नाही त्याने त्या सेफ्टी सर्किटला हात लावू नये. रात्रपाळीला लाइन बंद पडली की फोनवर ऑपरेटर काय झालं ते सांगणार, तेही धापा टाकत. त्या फोनला इंग्रजी कामाला येत नाही.

तेव्हा: सॉफ्टवेअर असतं तर अर्ज आधी, भाषा मागून. कमिशनिंगवाल्याने बी१ हातात घेऊनच अर्ज करावा, बी२ असेल तर पगाराच्या बोलणीतही फरक पडतो. आणि एक फायदा: ब्लू कार्डवर कायमचा परवाना ए१ वर २७ महिन्यांनी मिळतो, बी१ असेल तर २१ महिन्यांनी.

इंदूरी_जिरावण
हे मान्य. मशीनचा मुद्दा माझ्या डोक्यात नव्हता. तरी बर्लिनमध्ये घर शोधताना, पोरगं किंडरगार्टनला घालताना जर्मनच लागली हे कबूल करतो. नोकरीला लागली नाही एवढंच.

आकारान्त
मी बडोद्यात जर्मन शिकवते, त्यामुळे क्लासच्या पाट्यांवर बोलायचा थोडा हक्क आहे.

जर्मन शिकवणाऱ्या आणि परीक्षा घेणाऱ्या ग्योटे इन्स्टिट्यूटचा अंदाज असा की बी१ पर्यंत पोचायला ४५ मिनिटांचे ३५० ते ६५० तास लागतात. बी२ ला ६०० ते ८००. आता तीन महिन्यांत ३५० तास म्हणजे रविवार धरून रोज जवळजवळ चार तास. जीआयडीसीतली नोकरी सांभाळून हे कोण करणार? जे करतात ते पेपरचे नमुने घोकतात. परीक्षा निघते, पण समोरचा बोलला की तोंड उघडत नाही. बी१ च्या परीक्षेचे चार भाग आहेत, वाचन, ऐकणं, लेखन, बोलणं. प्रत्येकात १०० पैकी ६० लागतात. जो भाग राहील तेवढाच परत देता येतो, ही गोष्ट क्लासवाले सांगत नाहीत कारण मग पूर्ण कोर्सची परत फी घेता येत नाही.

बडोद्यात युनिव्हर्सिटीच्या आर्ट्स फॅकल्टीत जर्मनचा विभाग आहे, तिथे चौकशी करा. अहमदाबादेत ग्योटे झेंट्रुम आहे. पुण्या-मुंबईचं माक्स म्युलर भवन (म्हणजे ग्योटेच) ऑनलाइनही शिकवतं. खाजगी क्लास लावलात तरी हरकत नाही, फक्त पहिल्या तासाला बसून बघा: मास्तर जास्त बोलतोय की विद्यार्थी.

आणि व्याकरणाची भीती बाळगू नका. हिंदीवाल्यांना नपुंसकलिंग हे नवं संकट वाटतं. आपल्याला मराठीत ते आहे, गुजरातीतही आहे. वस्तू 'ते' असू शकते हे बडोदेकराला समजवावं लागत नाही. माझ्या वर्गात मराठी आणि गुजराती मुलं इथे दोन पावलं पुढे असतात. मार खातात ते विभक्तीत, त्यातही डाटिफमध्ये, म्हणजे आपल्या चतुर्थीत.

कान्साईकर
जपानची बाजू कुणीच मांडेना म्हणून लॉगिन केलं. ओसाकाच्या जवळ आहे, फॅक्टरी ऑटोमेशन, म्हणजे धागाकर्त्यांच्याच जातीचा.

आधी बाबांच्या मुद्द्याबद्दल. बुलेट ट्रेनमुळे जपानी येणाऱ्याला काम मिळतं ते मुख्यतः भारतात. ५०८ किलोमीटरची लाइन, १२ स्टेशनं, शिन्कान्सेनचं तंत्र. रूळ टाकायचं ट्रेनिंग जपानी तज्ज्ञांनी गुजरातेत येऊन दिलं. तिथे दुभाषे लागले, इंजिनियर लागले. पण त्यावरून जपानमध्ये नोकरी मिळत नाही. घरबसल्या जपानी कामाला लावायची असेल तर बाबा शंभर टक्के बरोबर.

जपानात यायचं तर जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेतली पातळी विचारतात. एन५ सगळ्यात खाली, एन१ वर. टोकियोत इंग्रजीवर चालणाऱ्या आयटी कंपन्या आहेत, कारखान्यात मात्र एन२ शिवाय दार उघडणं कठीण. परीक्षा वर्षातून दोनदा, जुलै आणि डिसेंबरच्या पहिल्या रविवारी. तारीख चुकली की सहा महिने गेले. मी पुण्यातून दिली.

या परीक्षेत बोलणं नाही आणि लिहिणंही नाही. वाचा, ऐका, पर्याय निवडा. त्यामुळे एन२ पास झालेला माणूस मुलाखतीत गप्प बसलेला मी पाहिलाय. मुलाखत घेणारे हे जाणून असतात, म्हणून सर्टिफिकेट बघून खूश होतात आणि मग दहा मिनिटं हवापाण्याच्या गप्पा मारतात. खरी परीक्षा ती.

वाक्यरचना आपल्याला सोपी जाते. क्रियापद शेवटी, आपण 'ला', 'ने', 'त' लावतो तसंच नामाला मागून चिकटणारं सगळं. ते आठवड्या-दोन आठवड्यांत अंगवळणी पडतं. हिरागाना ४६ अक्षरं, तीही होतात. मग कांजी, म्हणजे चिनीवरून आलेली अक्षरं. रोजच्या वापरासाठी सरकारने ठरवलेली यादी २,१३६ ची आहे आणि वर्तमानपत्र वाचायचं तर ती टाळता येत नाही. मित्सुबिशीच्या जुन्या लॅडर प्रोग्रॅममधल्या कॉमेंट कांजीत असतात, म्हणजे श्वाबीरावांनी सांगितलेला प्रकार आमच्याकडे दुपटीने.

भाषेचं फळही इथे मोठं आहे. हाय स्किल्ड व्हिसाच्या गुणांत एन२ ला १० गुण, एन१ ला १५. एकूण ७० झाले तर तीन वर्षांनी कायमच्या वास्तव्यासाठी अर्ज करता येतो, ८० झाले तर एका वर्षाने.

जुना_बडोदेकर
वाचून मजा वाटली. बडोद्याला भाषा शिकायचं वावडं कधीच नव्हतं. सयाजीराव महाराज कवळाण्याहून १८७५ मध्ये दत्तक आले तेव्हा १२ वर्षांचे होते, अक्षरओळखीपासून सुरुवात. मराठी, गुजराती, उर्दू, इंग्रजी चारही भाषा एकदम सुरू झाल्या. अरविंद घोष १८९३ ते १९०६ इथे नोकरीला होते, बडोदा कॉलेजात फ्रेंच शिकवायचे आणि स्वतः मराठी-गुजराती इथेच शिकले. आणि १९१३ साली बाबासाहेब कोलंबियाला गेले ते बडोदा संस्थानच्याच शिष्यवृत्तीवर. आत्ताची मुलं क्लासच्या पाट्या बघत बसतात.

इंदूरी_जिरावण
काका, महाराजांना सकाळची साडेआठची शिफ्ट नव्हती. (हलके घ्या.)

जुना_बडोदेकर
अहो, महाराजांचं वेळापत्रक वाचा कधीतरी. साडेआठची शिफ्ट परवडली असं म्हणाल.

पंड्यापुलाखाली
अवांतर होतंय, तरी विचारतो. चान्सनकार्टचं काय? आधी तिकडे जाऊन नोकरी शोधावी असं एकजण म्हणाला.

श्वाबी_बडोदेकर
१ जून २०२४ पासून आहे. एक वर्षाचा मुक्काम, आठवड्याला २० तासांपर्यंत काम करता येतं. डिग्री पूर्ण मान्य असेल तर गुणांची भानगड नाही. नसेल तर वय, अनुभव, भाषा वगैरेचे मिळून किमान सहा गुण लागतात. भाषेत जर्मन ए१ किंवा इंग्रजी बी२ पुरते. वर्षभराचा खर्च स्वतःच्या खिशात आहे हे दाखवावं लागतं, आणि ती रक्कम लहान नाही.

माझं मत: ज्याला इथून मुलाखती मिळू शकतात त्याने हे करू नये. तुमची युनिव्हर्सिटी आणि डिग्री आनाबिन नावाच्या सरकारी यादीत कशी दाखवली आहे ते आधी बघा. युनिव्हर्सिटीपुढे एच+ असलं की निम्मं काम झालं. हे फुकट आहे, पाच मिनिटांचं आहे. माझ्या ओळखीच्या एका मुलाकडून यासाठी एका कन्सल्टन्टने बावीस हजार घेतले. नाव घेत नाही. ऑफर लेटर मिळवून देतो म्हणून पैसे मागणारा दिसला तर उठून चालू पडा.

गुडघेदुखी
नमस्कार. आजच आयडी काढला. वरती 'पत्नी नोकरी करते' या तीन शब्दांत जिला गुंडाळलंय ती मी. धागाकर्ते पलीकडच्या खोलीत बसून हा धागा रिफ्रेश करतायत.

नोकरी म्हणजे फिजिओथेरपिस्ट आहे. करेलीबागेत एका ऑर्थोपेडिक हॉस्पिटलात, सहा वर्षं. इतक्या प्रतिक्रिया आल्या, कुणीही विचारलं नाही की पत्नी काय नोकरी करते. मला दोन्ही देशांत काम करता येईल का, आणि भाषा किती लागेल? मी चार भिंतींत स्वयंपाक करायला जाणार नाही हे घरात आधीच ठरलेलं आहे.

आकारान्त
आता धागा खरा सुरू झाला.

कान्साईकर
वहिनी, सरळ सांगतो. जपानात फिजिओथेरपीला तिथला राष्ट्रीय परवाना लागतो आणि ती परीक्षा जपानीतून आहे. एन२ वर भागणार नाही. अशक्य म्हणत नाही, पण चार-पाच वर्षं हातात धरा.

श्वाबी_बडोदेकर
गुडघेदुखीताई, तुम्ही आधी लिहायला हवं होतं, मी वरचं सगळं वेगळ्या तऱ्हेने लिहिलं असतं.

जर्मनीत नोकरी करणाऱ्या इंजिनियरला परवाना लागत नाही. फिजिओथेरपिस्टला लागतो, तो परवान्याचा व्यवसाय आहे. म्हणजे यांच्यासाठी भाषा ही सोय, तुमच्यासाठी ती कायद्याची अट. साधारण बी२ मागतात, त्यात आजारपणाची, शरीराची भाषा आली. घरातल्या दोघांत आधी आणि जास्त जर्मन कुणाला लागणार, तर तुम्हाला.

चांगली बातमी: ब्लू कार्डवाल्याच्या नवऱ्याला किंवा बायकोला येताना भाषेचं सर्टिफिकेट लागत नाही, आणि आल्यावर कुठलीही नोकरी करायची मुभा असते. पण परवाना मिळेपर्यंत फिजिओथेरपिस्ट म्हणून पाटी लावता येणार नाही.

परवान्याचं काम राज्यागणिक वेगळं ऑफिस बघतं. आमच्या राज्यात स्टुटगार्टचं रेगिरुंग्सप्रेसिडियुम. ते तुमचा अभ्यासक्रम त्यांच्या अभ्यासक्रमाशी ताडून बघतात. त्यांचा कोर्स तीन वर्षांचा, २,९०० तास शिकवणी आणि १,६०० तास पेशंटवरचं काम. तुमचं कुठे कमी पडलं तर तसं लेखी कळवतात, मग एक तर तेवढ्यापुरतं प्रशिक्षण घ्यायचं किंवा परीक्षा द्यायची. निवड तुमची.

गुडघेदुखी
साडेचार वर्षांचं बीपीटी (फिजिओथेरपीची डिग्री) आहे, सहा महिन्यांची इंटर्नशिप त्यातच. तास भरतील असं वाटतं. पण मार्कशीटवर तास नाहीत, फक्त गुण आहेत.

भाषेची मला वेगळीच भीती आहे. आमच्याकडे पेशंट दुखणं सांगतात तेच निम्मं निदान असतं. मांडवीतल्या एक आजी परवा 'सणका मारे छे' म्हणाल्या आणि बोट कमरेपासून पोटरीपर्यंत फिरवलं. मला तपासायच्या आधी कळलं की नस दबलीय. त्याच आजी 'कळतर थाय छे' (अंग ठणकतंय) म्हणाल्या असत्या तर मी दुसरीकडे बघितलं असतं. हे जर्मनमध्ये कोण शिकवणार?

आकारान्त
बी२ च्या पुस्तकात हे नाही, खरं आहे. पण वैद्यकीय जर्मनची वेगळी पुस्तकं आणि कोर्स आहेत, नर्सिंगच्या मुलींसाठी बरेच निघालेत. टोचणारी, ओढणारी, जळजळणारी, बोथट अशी दुखण्याची विशेषणं त्यात पहिल्या धड्यांत येतात. बी१ झालं की ते सुरू करा, आधी नको. नाहीतर शब्द येतात आणि वाक्य येत नाही.

एक आगाऊ सल्ला. दोघं एकाच बॅचला बसू नका. माझ्या वर्गात नवरा-बायको आले की एकजण बोलतो आणि दुसरा मान डोलावतो. बहुतेक वेळा बोलणारा कोण असतो ते सांगत नाही.

सुरसागरकाठी
पलीकडच्या खोलीतून हजर.

आमच्यात काल रात्री बोलणं झालं. जपान मागे घेतलं, बाबांना तसं सांगितलं, ते अजून बोलत नाहीयेत. आता जर्मन. पण क्रम उलटा लावतोय. ती एप्रिलपासून सकाळची बॅच आणि बी२ पर्यंत न थांबता. मी संध्याकाळची, बी१ पर्यंत, साइट व्हिजिट सांभाळून. मी बी१ वर अर्ज सुरू करेन.

श्वाबीराव, यात काही खोट?

श्वाबी_बडोदेकर
एकच. तुमची नोकरी कुठल्या राज्यात लागते त्यावर त्यांचं परवान्याचं ऑफिस ठरेल, म्हणून तो अर्ज आत्ता टाकू नका. पण कागद आत्ताच जमवा. कॉलेजकडून विषयवार तासांचा दाखला, थिअरी वेगळी, प्रॅक्टिकल वेगळं, आणि इंटर्नशिपमध्ये कुठल्या विभागात किती तास काढले ते, सही-शिक्क्यासकट. ऑर्थो, न्यूरो, बालरोग अशी फोड हवी. नंतर जर्मन भाषांतर शपथ घेतलेल्या भाषांतरकाराकडूनच करून घ्यायचं. इथे येऊन बडोद्याच्या कॉलेजकडून असा कागद मागवणं म्हणजे काय असतं ते मी माझ्या बहिणीच्या वेळी बघितलंय.

तुमचा बायोडेटा व्यनिने (व्यक्तिगत निरोपाने) पाठवा, बघतो. जन्मतारीख, फोटो, लग्न झालंय की नाही हे सगळं घालायची गरज नाही. कुठल्या कंट्रोलरवर काय काम केलं ते प्रकल्पागणिक लिहा, आणि साइटवर किती दिवस एकटे होता ते जरूर लिहा. त्यालाच इथे किंमत आहे.

पंड्यापुलाखाली
व्यनि मलाही चालेल का?

श्वाबी_बडोदेकर
चालेल. पण आधी आनाबिन बघून या.

गुडघेदुखी
कॉलेजात जाऊन आले. क्लार्कभाई म्हणाले असा दाखला आजवर कुणी मागितलाच नाही, नमुना आणा. कुणाकडे तासांच्या दाखल्याचा तयार नमुना असेल तर कृपया व्यनि करा. सोमवारी परत बोलावलंय.